गोळ्या बंद केल्यानंतर: निपाणी भागातलं एक हिपॅटायटिस बीचं प्रकरण

रुग्णाला दाखल करून घेतलं त्या दिवशीचे आकडे आधी. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १४.६, यकृतपेशींना इजा झाली की वाढणारी दोन विकरं एसजीपीटी १,८४० आणि एसजीओटी १,३२०, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) ३.०, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, यकृत थकलं की वाढतो) १.७. पोटात थोडं पाणी झालेलं. शुद्ध चांगली, प्रश्नांची उत्तरं नीट, हात पुढे धरायला लावले तर पंजांची फडफड नाही, म्हणजे यकृताच्या आजाराचा मेंदूवर परिणाम नाही. वय ४१, गाव निपाणीजवळचं, घरची थोडी तंबाखू आणि ऊस, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉपवर. दारू नाही.

(हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. या पट्ट्यात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते शिकवण्यासाठी बांधलं आहे. त्यामुळे रुग्णाचे आकडे नमुन्याचे आहेत. विषाणूचं वागणं मात्र जसं आहे तसंच.)

दिवस पावसाळ्याचे. आमच्याकडे पावसाळ्यात पिवळे डोळे घेऊन कुणी आलं की पहिला संशय पिण्याच्या पाण्यावर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. ए बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, मोठ्या माणसात ई जास्त सापडतो. दोन्हींच्या आयजीएम चाचण्या (ताज्या संसर्गात दिसणाऱ्या अँटिबॉडीच्या) निगेटिव्ह आल्या. हिपॅटायटिस बीचा एस अँटिजेन (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन) पॉझिटिव्ह आला आणि बीच्याच कोअर अँटिजेनविरुद्धचं (आतल्या कवचाच्या प्रथिनाविरुद्धचं) आयजीएम पुसटसं पॉझिटिव्ह. एवढ्यावर केस पेपरवर 'तीव्र हिपॅटायटिस बी' असं लिहून झालं होतं. म्हणजे नवा संसर्ग, मोठ्या माणसात शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक वेळा आपोआप निवळणारा, सलाईन आणि विश्रांती देऊन वाट बघण्यासारखा.

बायकोने पिशवीतून जुन्या फाइली काढल्या आणि ते निदान बदललं.

फाइली दोन होत्या. एक बेळगावची, एक कोल्हापूरची. बेळगावच्या फाइलीतली गोष्ट तीन वर्षांपूर्वी सुरू होते. शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं, काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. त्रास काहीच नव्हता. तपासण्या झाल्या: एस अँटिजेन पॉझिटिव्ह, ई अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण मानलं जाणारं प्रथिन) निगेटिव्ह, रक्तातला विषाणूचा डीएनए मिलिलिटरमागे ४,८०,००० युनिट, एसजीपीटी ९६, फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) ११.८ किलोपास्कल. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. यकृत तेव्हाच बरंच कडक झालेलं होतं, सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत चट्ट्यांनी भरून जाण्याच्या उंबरठ्यावर. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी निगेटिव्ह. टेनोफोविर (विषाणूची वाढ रोखणारं औषध) ३०० मिलिग्रॅम, रोज एक गोळी, सरकारी कार्यक्रमातून मोफत. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि बी व सी दोन्हींची औषधं त्यातून मिळतात. वर्षभरात एसजीपीटी ३४ वर आला, रक्तातला डीएनए सापडेनासा झाला. दुसऱ्या वर्षी फायब्रोस्कॅन ८.९. उपचार अगदी जसे चालायला हवेत तसे चालले होते.

कोल्हापूरच्या फाइलीत एकच कागद होता, एका खासगी लॅबचा. एचबीव्ही (हिपॅटायटिस बी विषाणू) डीएनए: नॉट डिटेक्टेड. त्याखाली हिरव्या पेनने बरोबरची खूण.

निपाणी हायवेवर आहे. उत्तरेला कोल्हापूर जवळ, दक्षिणेला बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. राज्य कर्नाटक, म्हणून नोंदणी आणि गोळ्या बेळगावला. नोकरी महाराष्ट्रात, म्हणून रोजचं येणंजाणं उलट्या दिशेने. गोळ्या आणायच्या तर एक खाडा, आणि शिफ्ट बदलल्यापासून तो खाडा महाग पडायला लागला. कार्यक्रम केंद्राचा आहे, दोन्ही राज्यांत चालतो. कोल्हापूरकडे नाव वळवता येईल का, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि त्यांनाही कुणी सुचवलं नाही. सोबत दिलेला सूचनांचा कागद कन्नडमध्ये होता. हे शिकलेले मराठी शाळेत. बोलण्यापुरतं कन्नड येतं, वाचायला बसलं की अडखळतं. सीमाभागावर इतकी भाषणं झाली आहेत, पण गोळ्यांच्या पाकिटासोबतचा कागद दोन भाषांत असावा ही मागणी त्यांपैकी एकातही मी ऐकलेली नाही.

त्यातच गल्लीतल्या एकाला हिपॅटायटिस सी निघाला होता. डायलिसिसवर असलेला माणूस. १२ आठवडे गोळ्या घेतल्या, बरा झाला, गोळ्या बंद. हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"रिपोर्टच म्हणतोय व्हायरस नाही, आणि शेजारचा तीन महिन्यांत सुटला, मी तर दोन वर्षं खाल्लो. मग आता कशाला म्हणून बंद केलो की सर," असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. चूक समजायची तर विषाणू पेशीच्या आत काय करतो ते बघावं लागतं.

हिपॅटायटिस बीचा विषाणू फार लहान. त्याचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे ३,२०० अक्षरांचा, आणि इतक्या काटकसरीने लिहिलेला की चार जनुकं एकमेकांवर चढलेली आहेत. एकाच मजकुरातून दोन वेगळी प्रथिनं वाचली जातात. रक्तातून तो यकृतपेशीजवळ येतो आणि तिच्या पृष्ठभागावरच्या एनटीसीपी नावाच्या प्रथिनाला चिकटतो. या प्रथिनाचं रोजचं काम अगदीच वेगळं आहे, पित्तक्षार रक्तातून पेशीत परत ओढून घेण्याचं. ते मुख्यतः यकृतपेशींवरच असतं, म्हणून विषाणूचा मुक्कामही तिथेच. विषाणूचा शोध लावल्याबद्दल बारूक ब्लमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. तो पेशीत कोणत्या दाराने शिरतो ते मात्र २०१२ मध्ये कळलं.

आत आलेला डीएनए गोल असतो पण अपुरा. एक धागा पूर्ण, दुसरा मधेच तुटलेला. केंद्रकात पोचल्यावर पेशीची स्वतःचीच दुरुस्ती यंत्रणा तो धागा पुरा करते, टोकं जोडते, आणि एक घट्ट बंद वर्तुळ तयार होतं. त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. पेशीच्याच हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळून ते एखाद्या छोट्या गुणसूत्रासारखं केंद्रकात बसून राहतं. पेशीला ते परकं वाटत नाही.

या वर्तुळावरून आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या कामापुरत्या प्रती, निघतात. त्यातला एक लांब आरएनए दुहेरी कामाचा आहे. त्याच्यावरून विषाणूची प्रथिनं बनतात, आणि तोच आरएनए पॉलिमरेज नावाच्या विकरासोबत एका कवचात बंद केला जातो. कवचाच्या आत हे विकर उलटं काम करतं, म्हणजे आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहितं. जीवसृष्टीतल्या नेहमीच्या दिशेच्या उलट चालणारं हे लिखाण एचआयव्हीही करतो, आणि टेनोफोविर दोन्हीकडे चालतं ते म्हणूनच. डीएनए लिहून झालेल्या कवचापुढे दोन वाटा असतात. आवरण चढवून पेशीबाहेर पडायचं आणि दुसरी पेशी गाठायची, किंवा मागे फिरून त्याच पेशीच्या केंद्रकात जायचं आणि तिथल्या वर्तुळांच्या साठ्यात भर घालायची.

टेनोफोविर अडवतं ते कवचातलं लिखाण. डीएनएची साखळी अर्धवट तुटते, नवा विषाणू तयार होत नाही, रक्तातला डीएनए घटत घटत दिसेनासा होतो. केंद्रकातल्या वर्तुळाला गोळी हात लावत नाही. तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंद शाबूत असताना नुसतं उतारा काढायचं मशीन बंद ठेवावं, तसा हा प्रकार. मशीन पुन्हा चालू केलं की पहिल्याच दिवशी उतारे मिळतात. वर्तुळांचा साठा वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्यावर हळूहळू कमी होतो, पण जवळजवळ कधीच पूर्ण संपत नाही.

याचा सुगावा देणारी साधी, स्वस्त तपासणी होती, ती म्हणजे एस अँटिजेन. एस अँटिजेन थेट आरएनएवरून बनतो, कवचातल्या लिखाणाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे गोळीने तो थांबत नाही. विषाणू तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो. रक्तात अख्ख्या विषाणूंच्या हजारपट, कधी लाखपट नुसते रिकामे कण फिरत असतात, त्यांत डीएनए नसतो. शिवाय विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे पेशीच्या गुणसूत्रांत घुसून बसतात आणि तिथूनही हा अँटिजेन बनत राहतो. कोल्हापूरच्या लॅबने मागितलेली तपासणी बरोबर केली आणि उत्तरही बरोबर दिलं. एस अँटिजेन कुणी मागितलाच नव्हता. मागितला असता तर तो पॉझिटिव्ह आला असता, आणि हिरवी खूण करणाऱ्याचा हात कदाचित थबकला असता.

शेजाऱ्याचं काय? हिपॅटायटिस सीचा विषाणू आरएनएचा, सुमारे ९,६०० अक्षरांचा, आणि त्याचा सगळा संसार केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात. त्याची मूळ नोंद कुठेच ठेवलेली नसते. प्रती काढणं पुरेसा काळ बंद पाडलं की असलेले आरएनए विघटित होतात आणि विषाणू संपतो. तो बरा होतो याचा अर्थ खरंच बरा होतो. दोन आजारांची नावं एकाच शब्दापासून सुरू होतात, दोन्हींची औषधं एकाच खिडकीवर मिळतात, आणि आतली यंत्रणा इतकी वेगळी.

गोळ्या बंद झाल्यावर सुमारे साडेतीन महिन्यांनी थकवा सुरू झाला. अन्नाचा वास नकोसा, लघवी चहासारखी, मग डोळे. गोळ्या थांबवल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत, बऱ्याचदा पहिल्या तीनेक महिन्यांच्या आसपास असा भडका उडतो, हे जाणकारांना ठाऊक असलेलं वेळापत्रक आहे. क्रम असा: आधी डीएनए वाढतो, काही आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही, मग एसजीपीटी उसळतो, शेवटी कावीळ. दाखल होताना त्यांचा डीएनए मिलिलिटरमागे ३ कोटी २० लाख युनिट होता.

लोकांना, आणि कधीकधी आम्हालाही, इथे सरळ वाटतं की विषाणू वाढला म्हणून यकृत सडलं. तसं नसतं. हा विषाणू पेशीला सहसा स्वतः मारत नाही. या रुग्णाची आई ६६ वर्षांची, तीही पॉझिटिव्ह निघाली, आणि तिच्या यकृताला आजवर फारशी झळ लागलेली नाही. पेशी मारतात त्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या, सीडी ८ प्रकारच्या टी पेशी. विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर दिसले की त्या ती यकृतपेशी मारून टाकतात. एसजीपीटी हे यकृतपेशीच्या आतलं विकर, पेशी फुटली की रक्तात सांडतं. १,८४० हा आकडा विषाणूंची मोजणी सांगत नाही, त्यांच्या मागे लागलेल्या हल्ल्याचा जोर सांगतो. म्हणूनच कावीळ भरात असताना कधीकधी डीएनए उतरायला लागलेला असतो.

मग तेच शरीर आधी चाळीस वर्षं गप्प का होतं? संसर्ग कधी झाला यावर ते ठरतं. जन्माच्या वेळी आईकडून विषाणू मिळाला तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो, कारण त्या वयाची प्रतिकारशक्ती त्याच्याशी भांडतच नाही. मोठेपणी मिळाला तर हेच प्रमाण पाच टक्क्यांहून कमी. हे रुग्ण जन्मले १९८० च्या दशकात, घरीच, सुईणीच्या हाती. बाळाला ही लस तेव्हा द्यायची पद्धत नव्हती. ती देशभरच्या नियमित लसीकरणात आली २०११ च्या सुमारास. जन्मतःच आलेला विषाणू दोन-तीन दशकं शांत राहतो, मग केव्हातरी प्रतिकारशक्ती जागी होते, धुमसती झटापट सुरू होते, मध्येच विझते, पुन्हा पेटते. प्रत्येक फेरीत मेलेल्या पेशींच्या जागी थोडा तंतूंचा चट्टा उरतो. यकृतातल्या स्टेलेट पेशी कोलॅजन घालत राहतात. ११.८ हा आकडा अशा कित्येक न कळलेल्या फेऱ्यांची बेरीज होता. ई अँटिजेन निगेटिव्ह असणंही फसवं. विषाणूत एक बारीक बदल झाला की ई अँटिजेन बनायचा थांबतो, प्रती निघणं मात्र चालूच राहतं.

बायको पॉझिटिव्ह असणार हे आम्ही जवळजवळ गृहीत धरलं होतं. निघालं उलटंच. तिचा एस अँटिजेन निगेटिव्ह, कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह, एसविरुद्धची अँटिबॉडी भरपूर. म्हणजे कधीतरी संसर्ग होऊन गेला आणि शरीराने तो परतवला. विचारल्यावर ती म्हणाली, "लग्नानंतरच्या वर्षी मला कावीळ झाली होती की. माळ घातली, औषध प्यायलं, महिन्यात उतरली. म्हणून ह्यांनाही तिथंच नेलो."

काविळीची माळ ठाऊक नसलेलं घर या भागात विरळा. काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात, काड्या वाळून गाठी सैल होतात तशी ती लांबत जाते, आणि जसजशी खाली उतरते तसतशी कावीळ उतरते असं मानतात. तिची ती कावीळ हिपॅटायटिस बीची होती असं आज कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण सगळं त्याच बाजूला झुकतं. लग्नानंतर नवऱ्याकडून मोठेपणी झालेला संसर्ग, पंच्याण्णव टक्क्यांच्या गटात बसलेला, आपोआप बरा झालेला. श्रेय माळेला मिळालं, आणि त्या श्रेयाच्या भरवशावर नवऱ्याचे १२ दिवस गेले. तेवढे दिवस उसाचा रस, मीठ-तेल बंद आणि कसलीशी मुळी. एकाच घरात एकच विषाणू; तिच्या टी पेशींनी महिन्यात काम संपवलं, आणि त्याच प्रकारच्या पेशी नवऱ्याच्या यकृताला खाऊन उठल्या. बायकोला हे समजावताना मी माळेवर एक शब्दही वाईट बोललो नाही. तिच्या दृष्टीने तिने स्वतः अनुभवलेला उपाय केला होता. पुढच्या वेळी कावीळ दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, एवढंच ठरवून घेतलं.

जुन्या फाइली दिसताच निदान बदललं: जुनाट हिपॅटायटिस बीचा औषध थांबवल्यावर आलेला भडका. कोअरचं आयजीएम अशा भडक्यातही पुसट पॉझिटिव्ह येतं, त्यानेच सुरुवातीला दिशाभूल केली. आधीच कडक झालेलं यकृत, बिलिरुबिन ५ च्या वर, आयएनआर १.५ च्या वर आणि चार आठवड्यांच्या आत पोटात पाणी, म्हणजे जुन्या आजारावर आलेलं तीव्र यकृत निकामीपण. यात बरेच रुग्ण दगावतात. डीएनएच्या अहवालाची वाट न बघता त्याच संध्याकाळी टेनोफोविर पुन्हा सुरू केलं. प्रत्यारोपण केंद्राशी बोलून ठेवलं. सहाव्या दिवशी बिलिरुबिन १९.१ आणि आयएनआर १.९ झाला, तो आठवडा कठीण गेला. गोळी नवे विषाणू थांबवते, पण आधीच खूण लागलेल्या पेशींवरचा हल्ला लगेच थांबवणं तिच्या हातात नसतं. मग आकडे वळले. तीन महिन्यांनी बिलिरुबिन १.८, पोटातलं पाणी गेलेलं.

फायब्रोस्कॅन मुद्दाम सहा महिने केला नाही. सूज असताना यकृत आहे त्यापेक्षा कडक भासतं आणि आकडा खोटा वाढून येतो. सहा महिन्यांनी आला १६.४. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेत लहान फुगलेल्या शिरा. सिरॉसिस. दोन वर्षांत ११.८ वरून ८.९ वर आणलेलं यकृत एका भडक्यात उंबरठा ओलांडून गेलं. काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ देखरेखीखाली गोळ्या थांबवून बघतात, त्यावर अभ्यास चालू आहेत. चट्टे इतके पुढे गेलेल्या माणसात तो विषयच नसतो, आणि आता तर आयुष्यभर गोळी. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगाचा सुगावा देणारी रक्ततपासणी), कारण गुणसूत्रांत घुसलेले विषाणूचे तुकडे आणि पेशींची सततची मोडतोड यांतून यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस बीमध्ये तो सिरॉसिस नसतानाही होतो. गोळीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. नाव कोल्हापूरकडे वळवलं. एवढंच आधी झालं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती, असं मला वाटतं. काही सहकारी म्हणतात की त्या लॅबच्या कागदानंतर रुग्णाने कोल्हापूरच्या गोळ्याही थांबवल्याच असत्या.

मुलगा आणि मुलगी दोघं निगेटिव्ह. मुलीला जन्माच्या डोसपासून लस पूर्ण मिळालेली, मुलाची राहिली होती, ती दिली. धाकटा भाऊ निगेटिव्ह.

अक्का मात्र पॉझिटिव्ह निघाली. वय ४६, गडहिंग्लजला दिलेली. डीएनए ९०० युनिट, एसजीपीटी २२, फायब्रोस्कॅन ५.६. जुन्या नियमांनी हिला औषध लागत नाही, सहा महिन्यांनी एकदा तपासत राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत घरात कुणाला सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग असेल तर डीएनए आणि एसजीपीटी कमी असले तरी औषध द्यावं असं आहे, आणि भावाच्या १६.४ मुळे अक्का त्या गटात आली. आमच्यात यावर दोन मतं पडली. माझं मत द्यावं असं होतं. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही हलका नव्हता: एकदा सुरू केलेली गोळी मध्येच सुटली तर काय होतं ते याच घरात नुकतंच दिसलं आहे, मग जिच्या यकृताला आज काहीच झालेलं नाही तिला त्या वाटेला लावायचं का? अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गोळ्या गडहिंग्लजच्या आसपास कुठे मिळतील आणि संपायच्या आधी किती दिवस यावं लागेल. चौकशी करून तिच्या वहीत मराठीत लिहून दिलं. पहिलं पाकीट तिने घेतलं आहे.